ठळकवाडीची नोटीस

किर्लोस्करवाडीची जन्मतारीख नोंदलेली आहे : १० मार्च १९१०. औंध संस्थानाच्या हद्दीत, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कारखान्याने त्या दिवशी मुक्काम टाकला. कारखाना आला होता बेळगावहून. बेळगाव का सोडले, याचे उत्तरही सगळीकडे एकच मिळते. ठळकवाडीला नवी वसाहत करायची म्हणून बेळगावच्या म्युनिसिपालिटीने त्यांना जागा रिकामी करायला सांगितले. औंधचे राजेसाहेब मदतीला धावले. ओसाड माळावर कारखाना उभा राहिला.

मराठी उद्योगाच्या इतिहासात ही गोष्ट इतक्या वेळा सांगून झाली आहे की तिच्या पहिल्या भागापाशी कोणी थांबत नाही. माळ, निवडुंग, राजाचा दिलदारपणा यांतच मन रमते. पण पहिल्या भागात एक सरकारी कृती दडलेली आहे. म्युनिसिपालिटी ही कायद्याने निर्माण झालेली संस्था. चालता कारखाना हलवायला सांगायचे तर तिच्या हाती कुठले तरी कलम हवे. १९१० साली बेळगावात असे कलम कोणते होते?

आधी खात्रीचे तेवढे मांडू. लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकला शिकायला ते मुंबईला गेले आणि पुढे तिथल्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. बेळगावात थोरले बंधू रामुअण्णा सायकलींचे दुकान चालवत. किर्लोस्करांच्या धंद्याची सुरुवात १८८८पासून धरतात ती या दुकानामुळे. नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगावला आले, कडबा कापायचे यंत्र केले, मग लोखंडी नांगर. सायकलचे दुकान बाजारात चालते. नांगराला भट्टी लागते, लेथ लागतो, लोखंड उतरवून घ्यायला मोकळी जागा लागते. म्हणून कारखाना शहराबाहेर ठळकवाडीच्या बाजूला सरकला असावा. हे माझे अनुमान. पण ते परिस्थितीला धरून आहे.

आता शहर पाहू. बेळगावची म्युनिसिपालिटी १८५१ची, म्हणजे १८५०च्या सव्विसाव्या कायद्याखाली मुंबई इलाख्यात निघालेल्या पहिल्या पिढीतली. निपाणीची तिच्यानंतर तीन वर्षांनी, १८५४ची. १९०१च्या खानेसुमारीत बेळगावची वस्ती ३६,८७८ आणि निपाणीची ११,६३२ भरली. बेळगावला रेल्वे आली १८८७ साली. या आकड्यांहून बोलका आहे तो नकाशा. शहराच्या एका अंगाला लष्कराची छावणी, म्हणजे कॅम्प. तिथे म्युनिसिपालिटीचा शब्द चालत नसे. दक्षिणेला लागूनच शहापूर. आज शहापूर बेळगावचा भाग आहे, पण ८ मार्च १९४८ रोजी संस्थाने विलीन होईपर्यंत ते सांगली संस्थानचे गाव होते. एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत पाऊल टाकले की माणूस ब्रिटिश हद्दीतून पटवर्धनांच्या हद्दीत जाई. म्युनिसिपालिटीला वाढायचे तर कॅम्प आणि शहापूर यांच्यामधली, रेल्वेच्या रुळांलगतची जमीन ही एक मोकळी बाजू होती. ठळकवाडी तिथेच आहे. तेव्हा ‘नवी वसाहत ठळकवाडीला’ हा गोष्टीतला तपशील नकाशाशी जुळतो आणि तो मी विश्वसनीय धरतो.

(आज या भागाला टिळकवाडी म्हणतात, शाळा मात्र अजून ठळकवाडी हायस्कूल या नावाने चालते. १९१० साली लोकमान्य मंडालेच्या तुरुंगात होते. सरकारी देखरेखीखालच्या म्युनिसिपालिटीने त्या साली नव्या वसाहतीला त्यांचे नाव दिले असते, असे मानणे कठीण आहे. त्यामुळे ज्या मजकुरात १९१०च्या प्रसंगाला ‘टिळकवाडी’ असे नाव येते, तो मजकूर नंतरचा आहे किंवा त्यावर नंतर हात फिरला आहे, असे समजावे.)

या प्रसंगाचे निवेदन आपल्याला मुख्यतः किर्लोस्कर घराण्याच्याच लेखणीतून मिळते. शं. वा. किर्लोस्करांनी काकांचे चरित्र लिहिले, ‘यांत्रिकाची यात्रा’. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी इंग्रजीत आत्मचरित्र लिहिले, ‘कॅक्टस अँड रोझेस’. त्याच्या नावातच तो माळ आहे. दोन्ही पुस्तके मोलाची आणि दोन्ही प्रामाणिक. पण साक्षीदार म्हणून त्यांची जागा नीट ठरवायला हवी. शंतनुरावांचा जन्म २८ मे १९०३चा. कारखाना बेळगावहून निघाला तेव्हा ते सात वर्षांचेही नव्हते. नोटिशीबद्दल ते जे सांगतात ते घरात ऐकलेले. शं. वा. यांचा जन्म १८९१चा, म्हणजे १९१० साली ते अठरा-एकोणीस वर्षांचे. पण कारखान्याच्या कारभारात ते नंतर आले. तेही वडीलधाऱ्यांकडून ऐकूनच लिहितात. घरातली आठवण घटना सहसा चुकवत नाही. कोणी काय केले, कोणी साथ दिली, कोणी जा म्हटले, हे तिला पक्के आठवते. कागदाचे स्वरूप ती विसरते. ठराव, भाडेपट्टा संपल्याची सूचना, भूसंपादनाची नोटीस, कलेक्टरच्या कचेरीतले पत्र या चार वेगळ्या गोष्टी. घरच्या बोलण्यात चारही ‘म्युनिसिपालिटीची नोटीस’ होतात.

म्हणून साक्ष बाजूला ठेवून कायद्याकडे वळू. कायद्यांना एक सोय असते : ते छापलेले असतात आणि त्यांवर तारीख असते.

१९१० साली बेळगावला लागू होता तो मुंबई इलाख्याचा १९०१चा जिल्हा म्युनिसिपल कायदा. त्यात बांधकामावर ताबा ठेवणारे मुख्य कलम ९६, नव्या इमारतींच्या सूचनेचे. इमारत बांधायला, वाढवायला किंवा बाहेरून बदलायला सुरुवात करण्याआधी मालकाने म्युनिसिपालिटीला लेखी सूचना द्यायची. म्युनिसिपालिटीने मागितल्यास नकाशाही द्यायचा आणि पाया व तळमजला कोणत्या पातळीवर येणार ते तिला ठाऊक असलेल्या एखाद्या पातळीच्या हिशेबाने दाखवायचे. शिवाय हद्दी, हवा खेळण्याची सोय, साहित्य, गटारे आणि संडास यांची माहिती, आणि इमारत कशासाठी वापरणार तेही.

या कलमाच्या जन्माची एक मोहक उपपत्ती सुचते. १८९७-९८मध्ये बेळगावात प्लेग होता; चार वर्षांत कायदा आला आणि त्यात हवा व गटारे यांची चौकशी आली; म्हणजे हे कलम प्लेगचे अपत्य. सुबक आहे, पण टिकत नाही. बांधण्याआधी सूचना द्यायची ही तरतूद १८७३च्या सहाव्या कायद्यातच होती. प्लेगने अधिकाऱ्यांची नजर कडक केली असेल, पण कलम त्याच्या आधीचे.

आपल्या प्रश्नाला हे कलम कितपत उपयोगी? फारसे नाही. कलम ९६ नवे बांधू पाहणाऱ्याला अडवते. उभ्या कारखान्याला उठवत नाही. किर्लोस्करांनी सूचनेवाचून शेड बांधली असती तर म्युनिसिपालिटीला ती पाडायला सांगता आली असती, पण मग कारण ‘बिगरपरवाना’ झाले असते, ‘नवी वसाहत’ नव्हे. त्यातही एक बारकावा आहे. सूचना मिळाल्यापासून महिन्याभरात म्युनिसिपालिटीने ना हुकूम काढला, ना तात्पुरती मनाई केली, ना जास्त माहिती मागवली, तर अर्जदाराला कायद्याविरुद्ध नसलेले काम सुरू करता येई. तिचे मौन हीच परवानगी. जुनी बांधकामे तपासणाऱ्या कोणीही हे ध्यानात ठेवावे. अशा व्यवस्थेत पूर्णपणे कायदेशीर इमारतीचा एकही परवाना दप्तरात नसू शकतो. असलीच तर मालकाने दिलेल्या सूचनेची प्रत आणि तिच्यावर पोहोचल्याची तारीख. परवाना सापडत नाही एवढ्यावरून इमारत चोरून बांधली होती असे म्हणता येत नाही.

त्याच कायद्यात उपद्रवी आणि धोक्याच्या धंद्यांना आवर घालणारी तरतूद होती. भट्टी, धूर, घणांचा आवाज. ठळकवाडीला बंगले यायचे असतील तर नांगराचा कारखाना शेजारी कोणाला हवा होता? ही शक्यता मी बराच वेळ मनात धरून होतो. पण तिच्या विरुद्ध निवेदनांची एकवाक्यता आहे. ‘धुराची तक्रार झाली’ असे कोणी म्हणत नाही. सगळे वसाहतीचेच कारण सांगतात. कागदाचे स्वरूप विसरणारी घरची आठवण अपमान मात्र विसरत नसते. कारखाना घाण करतो असा ठपका आला असता तर तो गोष्टीत नक्की उरला असता. ही शक्यता मी सोडून देतो.

उरते ती वाचकाच्या मनात एव्हाना आलेली कल्पना : नगररचनेची योजना. वसाहत आखली, जमिनी एकत्र केल्या, रस्ते टाकले, आड येणाऱ्याला हलवले. आजच्या सवयीने आपण हेच गृहीत धरतो. पण १९१० साली बेळगावला असा कायदाच नव्हता. मुंबई शहरासाठी सुधारणा ट्रस्टचा कायदा १८९८मध्ये झाला होता आणि त्याच्या जोरावर दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या जात होत्या. पण तो मुंबई शहरापुरता. इलाख्यातल्या इतर शहरांना नगररचनेचा अधिकार मिळाला तो १९१५च्या मुंबई नगररचना कायद्याने. हिंदुस्थानातला अशा तऱ्हेचा तो पहिला कायदा मानतात. ठळकवाडीचा प्रसंग त्याच्या पाच वर्षे आधीचा. तेव्हा बेळगावच्या म्युनिसिपालिटीने काहीही केले असो, ‘योजनेखाली’ केले नाही. तिच्याकडे आखणी असेल, कागदावर प्लॉट असतील, पण त्यांच्या आधारे परक्या जागेवरच्या माणसाला हलवण्याचा अधिकार त्या आखणीतून निघत नव्हता.

मग दोनच वाटा राहतात. एक, १८९४चा भूसंपादन कायदा. दुसरी, जागेचा मालक म्हणून असलेला अधिकार.

भूसंपादनाची वाट अशी होती. म्युनिसिपालिटीने सरकारकडे मागणी करायची, सरकारने कलम ४खाली प्राथमिक जाहिरात आणि कलम ६खाली जाहीरनामा काढायचा, कलेक्टरने कलम ९खाली हितसंबंधी माणसांना नोटीस द्यायची, निवाडा करायचा, बाजारभावावर शेकडा १५ जास्त देऊन ताबा घ्यायचा. हरकती ऐकण्याची तरतूद, म्हणजे कलम ५अ, या कायद्यात १९२३ साली आली. त्याआधी जमीनमालकाला किंमतीवरून भांडता येई. घेऊच नका असे सांगायला कायद्याने दिलेली सुनावणी नव्हती. १९१० साली लक्ष्मणरावांची जागा या वाटेने गेली असेल तर त्यांना ‘का?’ असे विचारण्याची जागाच नव्हती. गोष्टीत ते कुठे लढताना दिसत नाहीत, हे यात बसते.

पण भरपाई कुठे आहे? प्रचलित गोष्टीत औंधकडून मिळालेली जमीन आहे, औंधकडून मिळालेले कर्ज आहे. बेळगावहून निघताना हाती आलेली रक्कम नाही. शेड स्वतःच्या जमिनीवर असत्या तर पंधरा टक्क्यांसह काही ना काही पैसा मिळाला असता आणि कर्जाची कथा थोडी वेगळी झाली असती. मौनावर उभारलेला युक्तिवाद कच्चा असतो, हे कबूल. कर्ज देणाऱ्याचे ऋण मोठे वाटते, म्हणून सरकारी रक्कम गोष्टीतून गळून पडू शकते.

दुसऱ्या वाटेत, जागा भाड्याची होती आणि मालकाने ती परत मागितली. इथे १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा येतो; मुंबई इलाख्यात तो १८९३पासून लागू झाला. त्याचे कलम १०६ म्हणते की कारखान्यासाठी दिलेला पट्टा, उलट करार नसेल तर, वर्षावर्षाचा समजायचा आणि तो संपवायला सहा महिन्यांची नोटीस द्यायची. सहा महिने ही मुदत आपल्याला मोजपट्टी म्हणून वापरता येते.

काय मोजायचे? एक टोक १० मार्च १९१०. दुसरे टोक औंधच्या इतिहासात आहे : भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी ४ नोव्हेंबर १९०९ रोजी गादीवर आले. संस्थानची जमीन देऊ करायची तर ती राजा म्हणूनच देता येणार. तेव्हा औंधची जमीन मिळणे ही घटना या दोन तारखांच्या मध्ये घडली असली पाहिजे. ते अंतर १२६ दिवसांचे. लक्ष्मणराव आणि बाळासाहेब यांचा स्नेह त्याआधीचा, आणि या सुमारास लक्ष्मणरावांकडे औंधच्या बांधकामाचे काम होते असे निवेदने सांगतात. म्हणून बोलणी झटपट झाली असतील. पण नोटीस आणि जमीन या दोन्ही गोष्टी त्या १२६ दिवसांतल्या असतील तर सहा महिन्यांची मुदत त्यांत मावत नाही.

यातून तीन अर्थ निघतात. नोटीस १९०९च्या उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यातच आली असेल आणि गोष्टीने ती औंधच्या मदतीच्या जवळ ओढून आणली असेल; गोष्टींना संकट आणि सुटका शेजारी शेजारी आवडतात. किंवा भाडेकरारातच कमी मुदत लिहिलेली असेल. म्युनिसिपालिट्या आपल्या जमिनी देताना अशी अट घालून ठेवत. किंवा नोटिशीची मुदत संपायच्या आत लक्ष्मणराव स्वतःहून निघाले असतील. १० मार्च ही नव्या जागी सुरुवात केल्याची तारीख आहे. बेळगावातला शेवटचा लेथ कधी उचलला, ते ती सांगत नाही. दोन्हीकडे काही महिने काम चालले असणे अगदी शक्य आहे. हातातल्या मागण्या पुऱ्या केल्याशिवाय कुठलाही शहाणा कारखानदार भट्टी विझवत नाही.

स्थलांतर कसे झाले असेल याबद्दल रेल्वेचा नकाशा काही सांगतो. बेळगाव आणि कुंडल रोड ही दोन्ही स्टेशने पुणे–मिरज–लोंढा या एकाच मीटरगेज मार्गावर. बेळगावला वॅगनमध्ये चढवलेले लोखंड वाटेत दुसऱ्या रुंदीच्या गाडीत न बदलता थेट कुंडल रोडला उतरवता येत होते. औंध संस्थानात जमिनी पुष्कळ होत्या आणि राजधानी औंधला तर देवी, दरबार, वाडा सगळे होते; तरी कारखाना गेला तो रुळांशेजारच्या माळावर. माळ ओसाड होता हे आपण नेहमी ऐकतो. तो स्टेशनाजवळ होता हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

माझा कल भाडेपट्ट्याकडे आहे. भरपाईचा उल्लेख नाही, भांडण नाही, हालचाल चटकन झाली; या तिन्ही गोष्टी भाडेकरूला शोभतात, मालकाला नाही. अर्थात दोन्ही वाटा एकत्र येण्याचीही शक्यता आहे. म्युनिसिपालिटीने ठळकवाडीची शेतजमीन मूळ खातेदारांकडून संपादन केली असेल आणि किर्लोस्कर त्यांपैकी एकाचे कूळ म्हणून तिथे असतील. मग भरपाई खातेदाराला गेली आणि कारखानदाराच्या वाट्याला फक्त नोटीस आली. सगळ्या निवेदनांशी सर्वांत कमी ओढाताण करून जुळते ती हीच मांडणी, असे मला वाटते.

ही मांडणी तपासता येण्यासारखी आहे. शेतजमिनीवर कारखाना घालायचा तर १८७९च्या जमीन महसूल कायद्याच्या कलम ६५प्रमाणे कलेक्टरची बिनशेतीची परवानगी लागे. तो अर्ज खातेदाराचा, भाडेकरूचा नव्हे. कलेक्टरने तीन महिन्यांत उत्तर न दिल्यास तिथेही परवानगी मिळाली असे समजत. १९०३च्या चौथ्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झालेली होती, म्हणजे १९१०च्या आसपास कोणाच्या नावावर कोणता सर्व्हे नंबर, हे फेरफाराच्या वहीत चढू लागले होते. बेळगावकर आजही प्लॉट घेताना ‘उतारा काढा, आर.एस. नंबर बघा’ म्हणतात. त्या उताऱ्याची पहिली पिढी या काळातली आहे.

वसाहत तरी झाली का? झाली, पण घाईने नाही. डिसेंबर १९२४मध्ये बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले, गांधीजी अध्यक्ष असलेले एकमेव. गंगाधरराव देशपांड्यांनी त्यासाठी टिळकवाडीच्या बाजूला विजयनगर नावाचे तात्पुरते नगरच उभे केले; पाण्यासाठी खणलेली विहीर, काँग्रेस विहीर, अजून तिथे आहे. २६ आणि २७ डिसेंबरला हजारो माणसे तिथे जमली. याचा सरळ अर्थ असा की चौदा वर्षांनंतरही त्या बाजूला एवढे मोठे नगर मावेल इतकी जमीन रिकामी होती. विहीर आणि कारखाना यांच्या जागा एकच होत्या असे मी म्हणत नाही. पण ज्या वसाहतीसाठी १९१०मध्ये एक चालता कारखाना हलवावा लागला, तिला जागेची फार निकड होती असे या पुराव्यावरून दिसत नाही. आखणी आधी, वस्ती नंतर. मधली वर्षे गवताची.

आता, ज्या कायद्याच्या अंमलात हे घडले त्याचे पुढे काय झाले? सीमाभागातल्या वाचकाला हा प्रश्न सहज पडेल, कारण १९१०चा बेळगाव मुंबई इलाख्यातला आणि आजचा कर्नाटकातला. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. त्यानंतर ३६ दिवसांनी, १ नोव्हेंबरला, चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. राज्य बदलले, झेंड्याखालचा सचिव बदलला, अर्जाचे उत्तर कोणत्या भाषेत येईल याची चिंता सुरू झाली. बांधकामाचा कायदा मात्र त्या दिवशी बदलला नाही. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ११९ने स्पष्ट सांगितले होते की हद्दी बदलल्या तरी त्या त्या प्रदेशातले चालू कायदे, नवे होईपर्यंत, तसेच लागू राहतील. त्यामुळे २ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगावात ज्याने घराचा नकाशा दाखल केला, त्याने तो मुंबईच्याच कायद्याखाली दाखल केला. बेळगाव तोवर बरो म्युनिसिपालिटी होती आणि १९२५च्या मुंबई म्युनिसिपल बरो कायद्याचे कलम १२३ हे १९०१च्या कलम ९६चेच वंशज. म्हैसूरचा स्वतःचा नगरपालिका कायदा १९६४चा. तो १ एप्रिल १९६५ला अमलात आला. आठ वर्षे पाच महिने राज्य एक आणि परवाना दुसऱ्या राज्याच्या कलमाखालचा, अशी स्थिती होती.

आणि १९६४च्या कायद्यात तरी काय आले? त्याचे कलम १८७ काढून १९०१च्या कलम ९६शेजारी ठेवावे. मथळा तोच, नव्या इमारतींची सूचना. बांधायला, बाहेरून बदलायला, वाढवायला सुरुवात करण्याआधी लेखी सूचना. पाया आणि तळमजल्याची पातळी. नगरपालिकेला ठाऊक असलेल्या पातळीचा हिशेब. म्हैसूरच्या विधिमंडळाने नवा कायदा केला तेव्हा या ठिकाणी मसुदाकारापुढे मुंबईचा कायदा उघडा होता, यात मला शंका नाही. निपाणी आजही नगरसभा आहे, त्यामुळे हेच कलम तिथे लागू आहे. पलीकडे कागलला महाराष्ट्राच्या १९६५च्या नगरपरिषद कायद्याचे कलम १८९. तेही याच कुळातले. निपाणी–कागल रस्त्यावर दोन राज्यांची सीमा लागते आणि तिच्या दोन्ही अंगांना घरमालक ज्या कलमांखाली नकाशे दाखल करतात, ती सख्खी भावंडे आहेत.

गंमत बेळगावची. शहराला महापालिकेचा दर्जा मिळाला आणि ते १९७६च्या कर्नाटक महापालिका कायद्याखाली गेले. त्यातले कलम २९९ जागेच्या मंजुरीसाठी एक अर्ज मागते आणि काम करण्याच्या परवानगीसाठी दुसरा. पातळीचा तो जुना हिशेब इथे नाही. ही बांधणी मद्रासच्या १९१९च्या शहर कायद्यातून आलेली. मौनाचा नियमही इथे लांबला. आयुक्ताने मुदतीत उत्तर दिले नाही तर लगेच परवानगी मिळत नाही. आधी स्थायी समितीकडे लेखी मागणी करायची, समितीनेही महिनाभर निर्णय दिला नाही तर मग परवानगी मिळाली असे समजायचे. म्हणजे मुंबईच्या परवाना-कायद्याशी बेळगाव शहराचे नाते तुटले ते १९५६मध्ये नव्हे, महापालिका झाल्यावर. आणि निपाणीचे तर या बाबतीत अजून पुरते तुटलेले नाही. ज्या वर्षाभोवती सीमाभागाचे सगळे राजकारण फिरते, ते वर्ष बांधकाम विभागाच्या कायद्यात शोधायला गेले तर तिथे जोडाची रेषसुद्धा लागत नाही.

या वंशावळीचा संशोधकाला एक व्यवहारी उपयोग आहे. १९१०चा कागद कुठे शोधायचा ते ती सांगते. म्युनिसिपालिटीचा ठराव असेल तर तो तिच्या सभावृत्तांताच्या बुकात. ते शहराबरोबर बेळगावातच राहायला हवे. सरकारशी झालेला पत्रव्यवहार मुंबई सरकारच्या जनरल डिपार्टमेंटच्या बाडांत, म्हणजे आता मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र पुराभिलेखागारात. पण आपल्या मुख्य प्रश्नाचा एक भाग, संपादन झाले की नाही, तपासायला यांपैकी एकही लागत नाही. भूसंपादनाचा कलम ६चा जाहीरनामा सरकारी गॅझेटात छापल्याशिवाय पुरा होत नसे. मुंबई सरकारचे गॅझेट दर आठवड्याला निघे, त्याचे वर्षवार खंड बांधले जात आणि ते एकाहून अधिक ग्रंथालयांत गेले. हातचा कागद वाळवी खाते. छापील गॅझेटाच्या सगळ्या प्रती एकदम जात नाहीत. १९०७ ते १९१० या चार वर्षांच्या खंडांत बेळगाव तालुक्याखाली ठळकवाडीच्या सर्व्हे नंबरांचा जाहीरनामा आढळला, तर म्युनिसिपालिटीने जमीन संपादन केली हे सिद्ध होईल आणि क्षेत्रफळही हाती येईल. चारही खंडांत तो नसला, तर जमीन आधीपासूनच म्युनिसिपालिटीच्या किंवा सरकारच्या मालकीची होती आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर तिथे भाड्याने राहत होते, ही शक्यता बळावते, पण सिद्ध होत नाही.